राजधानीला दोन दिवस : खोपोलीहून रायगड

सुट्टीच्या सहलीचा विषय निघाला की खोपोली, कर्जत, खालापूर या भागांतील व्यापारी घरांत आता परदेशांची नावे सहज घेतली जातात. मुले बाहेर शिकून आलेली असतात, सुना-जावई नोकरीनिमित्त दूरदेशी राहिलेले असतात. अशाच एखाद्या गप्पांत दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाची राजधानी क्विटो हिचेही नाव निघते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. दोन-तीन दिवसांसाठी तेथे जाणारा प्रवासी पहिल्या दिवशी धावपळ करत नाही, विरळ हवेची शरीराला सवय होऊ देतो आणि दुसऱ्या दिवशी जुने शहर पायी पाहतो. कोणत्या दिवशी काय पाहायचे, कोठे जेवायचे, म्हाताऱ्या माणसांना किती चालावे लागेल याचा आराखडा महिनाभर आधी तयार असतो.

युनेस्कोने जागतिक वारसास्थळांची पहिली यादी १९७८ मध्ये जाहीर केली. त्या यादीतील १२ स्थळांत क्विटोचा समावेश होता. पुढे ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना एकत्रितपणे हाच मान मिळाला आणि त्यांत रायगड आहे. खोपोलीच्या माणसाच्या दृष्टीने ही आपल्याच जिल्ह्यातील राजधानी. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये याच गडाचे नाव देण्यात आले. असे असूनही, क्विटोसाठी महिनाभर कागद-पेन्सिल घेऊन बसणारे कुटुंब रायगडासाठी अर्धा तासही बसत नाही. ‘जवळच तर आहे, कधीही जाऊ’ हा विचार त्यामागे असतो. मग एखाद्या रविवारी उशिरा निघायचे, भर दुपारी रोपवेच्या रांगेत तिष्ठायचे, वर पोहोचल्यावर उन्हात छायाचित्रे काढायची आणि अंधाराच्या आत घर गाठण्यासाठी लगेच उतरायचे, असा क्रम घडतो. या क्रमात बहुधा राजसभा पाहून होते, पण बाजारपेठेतून घाईने पुढे जावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेल्या कुटुंबाने राजधानीची बाजारपेठ न्याहाळल्याशिवाय परत यावे, ही खेदाची गोष्ट आहे. रायगडाला एक रात्र आणि दोन दिवस द्यावेत, आणि त्यांतला निवांत वेळ बाजारपेठेसाठी राखून ठेवावा, एवढेच या आराखड्याचे सूत्र.

ऋतू, वेळ आणि शिदोरी

चातुर्मासात आपल्या घरांतून प्रवास मर्यादित असतो आणि तेच दिवस सह्याद्रीतही गैरसोयीचे असतात. पावसाळ्यात रायगडावर धुके दाटते, पायऱ्या निसरड्या होतात आणि जोराचा वारा सुटला की रोपवे बंद ठेवावा लागतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर यात्रांचा काळ सुरू होतो. तेव्हापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस रायगडासाठी उत्तम. हवा स्वच्छ असते, गवत अजून पुरते वाळलेले नसते आणि तळ्यांत पाणी असते. ६ जूनचा राज्याभिषेक दिन, तिथीनुसार येणारा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा सोहळा आणि चैत्र पौर्णिमेची पुण्यतिथी या दिवशी गडावर मोठा समुदाय जमतो. ज्यांना तो उत्सव अनुभवायचा असेल त्यांनी अवश्य जावे, परंतु वृद्ध आणि लहान मुलांसह शांतपणे गड पाहायचा असेल तर हे दिवस टाळावेत. शनिवार-रविवारऐवजी मधले वार निवडणे पेढीच्या दृष्टीने अवघड असले, तरी वर्षातून एकदा ते जमवण्यासारखे आहे.

हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबाला एका दिवसाची सहल म्हणूनच जड जाते. परतीच्या वाटेवर जेवणाची वेळ येते आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलात कांदा, लसूण, बटाटा यांच्याविना काही मिळवताना तारांबळ उडते. पायथ्याशी मुक्काम असला की हा प्रश्न सुटतो. पाचाड आणि गडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून कंदमुळे न घालता पिठले, भाकरी, आमटी-भात साडेपाचपर्यंत तयार ठेवण्यास सांगावे. दुसऱ्या दिवसासाठी खाखरे, थेपले किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सुका मेवा घरूनच न्यावा. पाणी उकळून, गार करून, धातूच्या बाटल्यांतून नेले तर नियमही पाळला जातो आणि गडावर प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांची भर पडत नाही.

वाटेवरची खिंड

खोपोलीहून पालीमार्गे वाकण गाठावे. तेथे मुंबई–गोवा महामार्ग लागतो. मग कोलाड, इंदापूर करत माणगावला यावे. माणगावहून निजामपूरमार्गे पाचाडला जाणारा रस्ता आहे. दुसरा रस्ता महाडवरून जातो आणि तेथून पाचाड सुमारे २५ किलोमीटर आहे. कोणत्याही रस्त्याने गेले तरी प्रवास साधारण साडेतीन-चार तासांचा. ज्यांना मोटारीचा लांबचा प्रवास सोसत नाही, त्यांनी पनवेलहून कोकण रेल्वेने माणगाव गाठावे आणि पुढे वाहन करावे.

सकाळी सात वाजता निघाले तर वाटेत एक थांबा घेता येतो आणि खोपोलीकरांनी तो घ्यायलाच हवा. पालीच्या रस्त्यावर शेमडी फाट्यावरून आत चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन पुण्याकडून लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. रायबागन ही सरदार स्त्रीही त्याच्यासोबत होती. या खिंडीच्या दाट झाडीत शिवाजी महाराजांनी फौजेला पुढून आणि मागून कोंडले. पाण्यावाचून आणि वाटेवाचून अडकलेल्या खानाने खंडणी देऊन, सामानसुमान टाकून परत जाणे पत्करले. तेथे आता विजयाचे स्मारक उभे आहे. अर्धा तास पुरतो. नकाशावर जवळची दिसणारी वाट नेहमी सोयीची नसते, हा धडा मुलांना तेथे उभे राहून चटकन समजतो.

पालीला थोडी विश्रांती घेऊन पुढे निघाले की दुपारी बाराच्या आसपास पायथा गाठता येतो. माणगाव–निजामपूरचा रस्ता धरला, तर मे १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन ज्या भागातून रायगडाला आला, त्याच भागातून आपणही जात असतो. तो मुंबईहून चौलला उतरला आणि अष्टमी, निजामपूर असा मजल-दरमजल करत पाचाडला पोहोचला. ज्या अंतराला त्याला काही दिवस लागले, ते आज एका सकाळीत कापता येते.

पाचाडची दुपार

पहिल्या दिवशी गडावर चढू नये. जेवण आणि विश्रांतीनंतर तीनच्या सुमारास पाचाड पाहावे. गडावरची थंड हवा आणि वारा जिजाबाईंना मानवत नसे, म्हणून महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी वाडा बांधला, असे सांगतात. वाड्याचा कोट, जोती आणि विहिरी आजही दिसतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजाबाईंनी येथेच देह ठेवला. त्यांची समाधी जवळच आहे.

घरातल्या आजींना हे स्थान आधी दाखवावे. वृद्ध आईच्या प्रकृतीसाठी राजाने राजधानीच्या पायथ्याशी स्वतंत्र व्यवस्था केली, ही गोष्ट तीन पिढ्या एका छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय या दुपारी पूर्ण गड खालून नजरेत भरतो. चहूबाजूंनी तासल्यासारखे कडे आणि माथ्यावर सपाटी. सभासदाच्या बखरीत महाराजांनी हा गड राजधानीसाठी निवडताना त्याची तुलना देवगिरीच्या किल्ल्याशी, म्हणजे दौलताबादशी, केल्याचे वर्णन आहे. दौलताबाद उत्तम खरा, पण उंचीने थोडका, असा त्याचा आशय. खालून पाहिले की त्या निवडीचे कारण लक्षात येते.

निवडीमागे आणखीही विचार होते. हा गड पूर्वी ‘रायरी’ या नावाने ओळखला जाई. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून तो स्वराज्यात आला. त्या वेळी राजधानी राजगडावर होती. १६७० च्या सुमारास ती येथे आली, तेव्हा राज्याचा विस्तार कोकण किनाऱ्यावर झाला होता. बंदरे, गलबते, जकात आणि मीठ हे राज्याच्या उत्पन्नाचे भाग बनले होते. घाटमाथा आणि समुद्र या दोहोंवर लक्ष ठेवता येईल असे ठिकाण हवे होते. पेढी कोठे मांडायची याचा निर्णय घेताना व्यापारी जे पाहतो, माल येण्याची वाट, गिऱ्हाईक, सुरक्षितता, पाणी, तेच सारे येथे पाहिलेले दिसते.

गडावरची सकाळ

दुसऱ्या दिवशी कुटुंबाने दोन गट करावेत. तरुणांनी उजाडताच चित दरवाज्याकडून पायऱ्यांनी निघावे. पायऱ्या चौदाशेहून अधिक आहेत. सवय नसलेल्याला दोन-अडीच तास लागतात. वाटेत खुबलढा बुरूज आणि मग दोन भक्कम बुरुजांच्या मधोमध असलेला महादरवाजा लागतो. समोर येईपर्यंत हा दरवाजा दिसत नाही. शत्रूने तोफ किंवा हत्ती लावून तो फोडू नये, अशी त्याची रचना आहे.

वृद्धांनी, लहान मुलांनी आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी रोपवेने जावे. १९९६ पासून सुरू असलेल्या या रोपवेने हिरकणीवाडीहून चार-पाच मिनिटांत वर पोहोचता येते. वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी गाठावी. दहा वाजल्यानंतर रांग वाढते. वरचे स्थानक मेणा दरवाज्याच्या बाजूला असल्याने राजवाड्याचा परिसर तेथून जवळ पडतो. दोन्ही गटांनी गंगासागर तलावाच्या काठी भेटावे आणि तेथेच न्याहारी करावी.

गंगासागर पाहताना पाण्याचा विचार करावा. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. नदी खाली, झरे मर्यादित. इमारतींसाठी जेथून दगड काढला तेथेच तळी तयार झाली, असे मानले जाते. हत्ती तलाव, गंगासागर, कुशावर्त, बारा टाकी अशी ही पाण्याची तरतूद पाहिली म्हणजे या नगराची आखणी आधी पाण्यापासून सुरू झाली हे कळते. राणीवशातील महालांच्या जोत्यांजवळ शौचकूपांची व सांडपाण्याची सोय दिसते. साडेतीनशे वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर एवढी काळजी घेणारा स्थपती हिरोजी इंदुलकर. त्याने आपले नाव राजवाड्यावर कोरले नाही. जगदीश्वराच्या मंदिरातील एका पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांखाली येईल असे ते कोरलेले आहे.

सिंहासनाजवळचा तराजू

गंगासागराजवळचे दोन मनोरे पाहून पालखी दरवाज्याने आत गेले की राजवाड्याची जोती लागतात. पुढे राजसभा आहे, २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. पूर्वेला भव्य नगारखाना. सिंहासनाच्या जागेजवळ हळू बोललेले नगारखान्यापर्यंत ऐकू जाते. मुले हा प्रयोग आवडीने करतात.

६ जून १६७४ रोजी याच जागी गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली राज्याभिषेक झाला. त्या वेळी महाराजांची सुवर्णतुला करण्यात आली आणि त्यांचे वजन सुमारे १६,००० होन भरले, अशी इंग्रजांच्या कागदपत्रांत नोंद आहे. ऑक्झिंडेन दरबारात हजर होता. त्याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंच्या राजचिन्हांचे वर्णन करून ठेवले आहे. एका बाजूला सोन्याची मोठी मत्स्यमुखे होती. दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या होत्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल लटकणारा सोन्याचा तराजू होता. हा तराजू न्यायाचे चिन्ह होय, असे त्याने लिहिले. दरवाज्याशी उभे असलेले हत्ती या अवघड वाटेने वर आणले तरी कसे, याचेही त्याला आश्चर्य वाटले.

तराजू हे ज्या घराचे रोजचे साधन, त्या घराने येथे क्षणभर थांबावे. पेढीवरची तागडी आणि सिंहासनाजवळची तागडी यांचा अर्थ एकच आहे. माप खरे असेल तर गिऱ्हाईक टिकते, न्याय खरा असेल तर राज्य टिकते.

ऑक्झिंडेन सोहळ्यासाठी आला नव्हता, व्यापाराच्या करारासाठी आला होता. १२ जून १६७४ रोजी करार ठरला. त्यातल्या दोन-तीन बाबी व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोग्या आहेत. राजापूरच्या वखारीच्या लुटीबद्दल इंग्रजांना भरपाई मिळाली आणि आणलेल्या मालावर अडीच टक्के जकात ठरली. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे अशीही त्यांची मागणी होती. त्यावर, ज्या नाण्यात योग्य किमतीचा धातू आहे ते लोक आपण होऊन घेतील, त्यासाठी वेगळ्या कलमाची गरज नाही, अशी भूमिका घेण्यात आली. फुटलेल्या जहाजांवरचा माल परत मिळावा ही मागणी मात्र कोकणच्या रूढीविरुद्ध म्हणून नाकारली गेली. राज्याभिषेकाच्या निमित्ताने महाराजांची स्वतःची नाणीही चालू झाली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. शिवराई पुढे कित्येक पिढ्या बाजारात फिरत राहिली.

त्याआधी, डिसेंबर १६७१ मध्ये, महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिले होते. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडल्याने व्यापारी तिकडे वळत होते आणि संगमेश्वरकडचे मीठ पडून राहण्याची भीती होती. बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवून दोन्हींचे भाव बरोबरीला आणावेत, असा हुकूम त्यात आहे. आयात शुल्क लावून देशी माल वाचवण्याचा हा विचार आजच्या अर्थसंकल्पावरील चर्चेत सहज शोभेल. मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेत शिकत असेल, तर ही गोष्ट गडावरच सांगावी. पुस्तकापेक्षा ती अधिक लक्षात राहील.

बाजारपेठ

नगारखान्यातून बाहेर पडले की होळीचा माळ लागतो. त्याच्या पुढे बाजारपेठ. मधोमध सुमारे ४० फूट रुंदीचा सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना २२-२२ गाळ्यांची रांग. पुढे ओटा, मागे खोल्या. जोती इतकी उंच की घोड्यावर बसल्या-बसल्या खरेदी करता यावी म्हणून ती तशी बांधली, असे सांगतात. येथे दुकानांबरोबर राहण्याच्याही जागा असाव्यात, असे काही अभ्यासकांचे मत आहे. एका जोत्याच्या दगडावर नागाची आकृती कोरलेली आहे. लोक त्याला नागप्पा शेट्याचे दुकान म्हणतात. आज छप्पर नाही, दार नाही, फळी नाही. फक्त दगडी जोती आणि मधला रस्ता.

येथे अर्धा तास बसावे. प्रत्येक गाळा मोजावा, पावलांनी मापावा. आपल्या दुकानापेक्षा लहान की मोठा, मालाची साठवण कोठे असेल, पावसाळ्यात ओट्यावर काय मांडले जात असेल, याची चर्चा घरातल्या अनुभवी माणसांनी मुलांशी करावी. गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद होत. हिरकणी गवळणीची सर्वपरिचित कथा त्याच नियमाची आहे. दूध विकायला वर आलेली आई दरवाजा बंद झाल्याने अडकली आणि घरच्या तान्ह्या मुलासाठी कडा उतरून गेली. दूध, धान्य, कापड, मीठ, तेल, सारे खालून डोक्यावर किंवा जनावरांच्या पाठीवर वर येत असणार. या पेठेतल्या प्रत्येक वस्तूच्या भावात चढणीचे मोल मिसळलेले होते.

पेठेचे पुढे काय झाले, हा या जागेचा मुख्य प्रश्न. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे याच गडावर निधन झाले. १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला आणि राजधानी येथून हलली. दरबार नाही, कारखाने नाहीत, वकील-सरदारांची ये-जा नाही, तेव्हा बाजार कोणासाठी भरणार? पुढे शाहू महाराजांच्या काळात गड मराठ्यांकडे परत आला, पण राजधानी सातारा आणि नंतर कारभाराचे केंद्र पुणे झाले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. लाकडी वाडे जळाले आणि १० मे रोजी गड पडला. दगड तेवढा राहिला. राजधानी म्हणून रायगडाची कारकीर्द उणीपुरी वीस वर्षांची आणि बाजारपेठेची भरभराटही तेवढीच.

खोपोलीच्या व्यापाऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाने असे चढउतार स्वतः अनुभवले आहेत. १८५६ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढे घाट असल्याने माल आणि माणसे येथे उतरत आणि गाडी, तट्टू, पालखी यांनी खंडाळ्याला जात. सात वर्षे खोपोली हे रेल्वेचे टोक होते. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे सुरू झाली, गाड्या कर्जतहून थेट वर जाऊ लागल्या आणि खोपोली शाखेवरचे स्थानक बनली. पुढे १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र येथे सुरू झाले, कारखाने आले आणि गावाला पुन्हा बहर आला. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि पूर्वी गावातून जाणारी बरीचशी वाहने बाहेरून जाऊ लागली. ज्यांची दुकाने जुन्या रस्त्यावर होती त्यांना या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. काहींनी माल बदलला, काहींनी जागा बदलली, काहींच्या मुलांनी धंदाच बदलला.

बाजार रस्त्यावर जगतो. वाट बदलली की गल्ला बदलतो. कौशल्य, पत आणि माणसे जोडण्याची सवय यांना मात्र वाट बदलल्यावरही दुसरीकडे नेता येते. रायगडाच्या पेठेतले व्यापारी आपल्या जोत्यांचे दगड घेऊन गेले नाहीत; गाठीला असलेली पत घेऊनच कोठेतरी गेले असतील. पुढच्या पिढीला दुकानाचा उंबरठा देऊन जावे की व्यवहाराची सचोटी, हा प्रश्न अनेक घरांत आज उभा आहे. त्यावर बोलण्यासाठी या पेठेइतकी योग्य जागा क्वचितच मिळेल.

जगदीश्वर आणि परतीचा मार्ग

बाजारपेठेपासून जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी काही अंतर पुढे आहे. वाटेत चढउतार आहेत. ज्यांना चालणे कठीण असेल त्यांनी पेठेजवळच्या सावलीत बसावे. उरलेल्यांनी तासाभरात जाऊन यावे. समाधीसमोर सारा प्रवास आपोआप शांत होतो. टकमक टोकाकडे जायचे असेल तर मुलांचा हात धरावा. तेथे वारा फार असतो आणि कठडा संपल्यावर खोल कडा आहे.

एकच्या सुमारास खाली उतरावे. जेवण आणि थोडी विश्रांती घेऊन दोनपर्यंत निघाले तर परतीला महाडचा रस्ता धरता येतो. महाडमध्ये चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या हजारो अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले आणि सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क असल्याचे जगाला दाखवले. सकाळी गडावर पाण्याची तरतूद पाहिलेल्या मुलांनी संध्याकाळपूर्वी हे तळेही पाहावे. पाणी साठवणे आणि ते सर्वांना मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळेल. सोबतची शिदोरी असेल तर साडेपाचच्या आत माणगाव किंवा पालीच्या आसपास संध्याकाळचे जेवण आटोपता येते आणि रात्री आठपर्यंत खोपोली गाठता येते.

या सहलीचा खर्च फारसा नाही. मोटारीचे इंधन, एका रात्रीचा मुक्काम, रोपवेचे भाडे आणि पेढीचे दोन दिवस एवढाच. क्विटोला जायचे तर जगाचा अर्धा वळसा घालावा लागतो. रायगडाला जायला फक्त ठरवून दोन दिवस काढावे लागतात. घरातली वडीलधारी माणसे चालू-फिरू शकतात तोवरच हे दोन दिवस काढावेत. पेठेतल्या त्या जोत्यांवर बसून नातवाला व्यवहाराची गोष्ट सांगणारे आजोबा सोबत असतील, तर ही सहल सार्थकी लागेल.